फुकटची ऊब

१२ सप्टेंबर

प्रिय मामी,

फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच "थांब, पोरं पाण्यात आहेत" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितोय. शिवाय माझा फोन ऑफिसचा आहे, आणि ऑफिसच्या फोनवर मामीशी गप्पा मारणारा माणूस बढतीच्या यादीत जरा खाली सरकतो.

बातमी मोठी आहे, खुर्चीत बसून वाच. आमच्या कंपनीने तुमच्या गावाबाहेर जी लांबलचक बिनखिडक्यांची इमारत बांधली, ती पुढच्या महिन्यात सुरू होतेय. आत काय आहे म्हणून तू विचारत होतीस. आत यंत्रं आहेत, ओळीने कपाटं लावावीत तशी, आणि ती रात्रंदिवस विचार करत बसतात. जगात कुणाला पत्र लिहून हवं असतं, कुणाला चित्र, कुणाला उधारी कुणाला द्यावी याचा सल्ला, ते सगळं त्या कपाटांत ठरतं. आणि विचार केला की डोकं तापतं, हे यंत्रांनाही लागू आहे. ती एवढी तापतात की त्यांना गार ठेवायलाच आमचा निम्मा खर्च होतो.

मग मी साहेबलोकांपुढे एक कल्पना मांडली. ही ऊब हवेत सोडून देण्यापेक्षा रस्त्याखालून पाइप टाकून गावाच्या तरण तलावाला द्या. तुझ्या तलावाला, मामी! दर हिवाळ्यात नगरपालिका तेलाचा खर्च परवडत नाही म्हणून बंद करायच्या धमक्या देते ना? आता तेलच नको. तुझा तो खोकणारा बॉयलर पेन्शनीत काढ. पाणी बारा महिने अठ्ठावीस अंशांवर, आणि एक पैसा द्यायचा नाही.

कल्पना माझी होती हे कागदोपत्री कुठेही नाही, म्हणून निदान तुला माहीत असावं.

तुझा,
बेडूक


२६ ऑक्टोबर

प्रिय बेडका,

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा! पत्र वाचून मी तुझ्या मामांना दोनदा वाचून दाखवलं. ते आयुष्यभर नळदुरुस्ती करत आले, त्यामुळे त्यांनी फक्त "पाइप किती इंची?" एवढंच विचारलं. पण संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगताना मी ऐकलं, "आमच्या भाच्याने गाव गरम केलं."

उद्घाटन थाटात झालं. नगराध्यक्षांनी बूट काढून पाऊल पाण्यात बुडवलं, फोटो निघेपर्यंत बुडवून ठेवलं, आणि मग पुसायला टॉवेल मागितला. बाहेर त्यांचं हे मोठं पोस्टर लागलंय, "ऊब आमची, आनंद तुमचा". निवडणूक उन्हाळ्यात आहे, पण पोस्टरला ऋतू कुठला? जुना बॉयलर त्याच दिवशी दुपारी ट्रकवर चढवून नेला. मी म्हटलं, असू द्या की हिवाळाभर कोपऱ्यात. तर म्हणाले, भंगार फोटोत दिसतं.

पाणी मात्र सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. गुडघेदुखीच्या बायका पूर्वी शिव्या देत उतरायच्या, आता बाहेर यायला तयार नसतात. पोरांच्या शिकवणीला दुप्पट गर्दी. आणि भिंतीवर तुमच्या कंपनीचा चमकता फळा. त्यावर अठ्ठावीस उमटलं की फाटक आपोआप उघडतं. तुला आठवत असेल, इथली रीत आहे की तलाव जो चालवतो त्याने रोज सकाळी सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचं, एक फेरी मारायची, आणि त्याने "या" म्हटल्याशिवाय कुणी पाय बुडवायचा नाही. माझ्या आधीच्या दोघांनी पाळली, मीही पाळली. आता फळाच सांगतोय म्हटल्यावर मी ती सोडून दिली. वय झालंय, पहाटे कोरडं राहायला बरं वाटतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुझ्या मामांनी पाइपाचा माग काढला. तो आमच्या पंपाच्या खोलीत येतो, पण उघडझाप करायचा व्हॉल्व्ह भिंतीपलीकडे तुमच्या कुलूपबंद खोलीत आहे. तो आमच्या बाजूला का नाही? ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढं तर तुलाही कळतं. आणि दुसरं, बिल कधी येणार? थोडंसं का होईना, पण येऊ दे.

तुझी,
मामी


९ नोव्हेंबर

प्रिय मामी,

तू खरोखर जगातली पहिली बाई असशील जिने फुकट गोष्टीचं बिल मागितलं! बिल कसलं? घरच्यासारखं आहे. आणि व्हॉल्व्हचं म्हणशील तर ते तांत्रिक आहे. आमच्या माणसांना एका जागेवरून सगळं बघायला सोपं जातं. तू त्यात डोकं घालू नकोस, पोहायला शिकव.

तुझ्याकडे एक काम मात्र आहे, आणि ते तूच करू शकतेस. कंपनीला पहिलीशेजारी दुसरी इमारत बांधायची आहे, पहिलीच्या तिप्पट. तिला नदीचं पाणी लागेल आणि गावाच्या विजेच्या लाइनीतला मोठा वाटा. त्यासाठी नगरपालिकेची परवानगी हवी. वीस जानेवारीला खुली सभा आहे. गावात एवढी माणसं मावणारी जागा तुमच्या तलावाचा प्रेक्षक-कट्टाच आहे, म्हणून सभा तिथेच. लोक बोलतील, मग नगरसेवक लगेच मत देतील.

मामी, निम्म्या गावाला तू तरंगायला शिकवलंयस. तू उभी राहून दोन चांगले शब्द बोललीस की बाकीचे मान डोलावतील. जे खरं आहे तेच बोल. पाणी गरम झालं, पोरं वाढली, गुडघे बरे झाले.

परवानगी मिळाली तर मला या भागाचा प्रमुख करणार आहेत. मोठ्या मॅडमनी स्वतः सांगितलंय. त्या कंपनीच्या मालकांच्या खालोखाल आहेत, आणि उगाच काही बोलत नाहीत.

मामांना सांग, पाइप आठ इंची.

बेडूक


७ जानेवारी

प्रिय बेडका,

सभेत बोलायला माझी काहीच ना नाही. दोन काय, चार शब्द बोलेन. पण आधी तुमची माणसं पाठव, कारण गेल्या आठवड्यापासून पाणी गार पडलंय.

आणि गंमत ऐक. फळ्यावर अठ्ठावीसच! पहिल्या दिवशी फाटक रोजच्यासारखं उघडलं, आणि लोक उतरले. बर्फासारखं पाणी, पण कुणी काही बोलेना. प्रत्येक जण वर फळ्याकडे बघतोय आणि दात वाजवतोय. आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी तर कमालच केली. त्यांनी फळा वाचला, आपला थरथरणारा हात बघितला, आणि सरळ दवाखाना गाठला. डॉक्टरला म्हणाले, पाणी अठ्ठावीस आहे आणि मला हुडहुडी भरलीय, म्हणजे ताप असणार, औषध द्या. डॉक्टरने अंगाला हात लावून बघितला आणि त्यांना वेड्यात काढलं. आता ते दुखावलेत. म्हणतात, आयुष्यभर मुलांना आकड्यावर विश्वास ठेवायला शिकवलं, त्याचं हे फळ.

शेवटी शिंपीणकाकूंनी तोंड उघडलं. "फळा गेला खड्ड्यात," म्हणाल्या, "माझे पाय निळे पडलेत." मग सगळेच एकदम ओरडायला लागले.

हसते आहे खरी, पण चूक माझी. मी पहाटेची पहिली फेरी सोडली नसती तर एकही माणूस त्या पाण्यात उतरला नसता. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केलीय. एक फेरी मारते, बाहेर येते आणि फाटकाला साखळी लावते. पोरांची शिकवणी बंद आहे.

लोक कुजबुजायला लागलेत की कंपनीने मुद्दाम केलं. मी सगळ्यांना दटावलं. म्हटलं, माझा भाचा आहे तिथे, तो असं होऊ देणार नाही, काहीतरी बिघडलं असेल. तू जरा लवकर बघ म्हणजे माझा शब्द राहील.

मामी


१० जानेवारी

प्रिय मामी,

तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे. नियोजित देखभालीमुळे उष्णतेचा पुरवठा तात्पुरता थांबवला आहे. एकवीस जानेवारीला सकाळी तो पूर्ववत सुरू होईल. फळ्याबाबत संबंधित विभागाला कळवले आहे.

गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सभेची तयारी झाली असेलच.

बेडूक


१३ जानेवारी

बेडका,

"नोंद घेतली आहे"? मी तुझी मामी आहे की खिडकीत अर्ज घेऊन उभी राहिलेली बाई?

पत्र मी तीनदा वाचलं, मग तुझ्या मामांना दिलं. त्यांनी एकदाच वाचलं आणि म्हणाले, "सभा वीसला, ऊब एकवीसला." एवढंच म्हणून ते बागेत गेले आणि नसलेलं गवत उपटत बसले. ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? यंत्रं चालू आहेत, इमारतीतून वाफ निघताना इथून दिसते. कुठली देखभाल? तुम्ही व्हॉल्व्ह फिरवलाय. गावाला थोडे दिवस कुडकुडू द्यावं, म्हणजे सभेत सगळे हात जोडून "द्या हो परवानगी" म्हणतील, असा तुमचा बेत आहे.

मला फार राग आलाय. तुमच्या मॅडमचा नाही, त्यांना मी ओळखतही नाही. तुझा आलाय. गावाला मी तुझ्या नावाने शब्द दिला, आणि तू मला छापील कागदासारखं उत्तर पाठवलंस. त्या दिवशी रडले मी, सांगून ठेवते.

आता ऐक. मी सभेत बोलणार आहे, पण तू सांगितलेलं नाही. दुसऱ्या इमारतीला माझा विरोध नाही. यंत्रं काय, कुठेतरी विचार करणारच, इथे केला तर आम्हाला ऊब तरी मिळेल. पण ऊब फुकट नको. रीतसर दर ठरवा, करार करा, महिन्याला बिल पाठवा. व्हॉल्व्ह आमच्या भिंतीच्या आत आणा. फळ्याचं मोजमाप तुमच्या पाइपात बसवलंय हे मामांनी शोधून काढलं; ते तिथे नको, आमच्या पाण्यात बुडवा. आणि नदीचं पाणी किती उचललं ते दरवर्षी सभेपुढे येऊन सांगा. हे मान्य असेल तर बांधा तिप्पट नाहीतर दसपट.

मान्य नसेल तर आमचा तलाव या हिवाळ्यात बंद पडेल. बॉयलर गेलाच आहे, नवा घ्यायला नगरपालिकेकडे काही नाही. ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे. तरीही मी हेच बोलणार.

मामी


१६ जानेवारी

प्रिय मामी,

तू रागावलीस, आणि तुला तो हक्क आहे. पण एकदा माझंही ऐकून घे, पोहायला शिकवताना ऐकायचीस तसं, मध्ये न बोलता.

तुझा तलाव सहा वर्षं बंद पडायच्या काठावर होता. नगरपालिकेकडे पैसा नव्हता, वरच्या सरकारला वेळ नव्हता. आमच्याकडे दोन्ही होतं. आज कुठल्याही गावात जा, हेच दिसेल. यंत्रवाल्याला जागा आणि वीज हवी असते. पैसेवाल्याला त्यावर नफा हवा असतो. खुर्चीवाल्याला फोटो हवा असतो. तिघं एका टेबलाशी बसतात आणि चौथी खुर्ची मांडतच नाहीत. मी त्या टेबलाजवळ उभा असतो, कुणाला काय हवं-नको ते बघायला. तेवढं जवळ पोचायलाही मला दहा वर्षं लागली, मामी. तिथे उभा होतो म्हणूनच तुझ्या तलावाचं नाव मी घेऊ शकलो. नाहीतर ती ऊब आकाशात गेली असती आणि तू जानेवारीत तलावाला कुलूप लावलं असतंस.

आम्ही कुणाला लुटलं नाही. दिलेली वस्तू काही दिवस थांबवली. थांबवायचं मॅडमनी ठरवलं, नगराध्यक्षांनी होकार दिला, आणि तारखा मी लिहून दिल्या. तुला राग येणार हे लिहितानाच कळलं होतं, म्हणून ते पत्र तसं झालं. तुझ्यासारखं लिहायला बसलो असतो तर लिहूच शकलो नसतो.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस. तुझी अट मॅडमना कळली तर त्या शेजारच्या गावात जातील. तिथलेही नगराध्यक्ष पोस्टर छापून तयार आहेत.

सभेत मी त्यांच्या शेजारी बसणार आहे. मला कुणी विचारलं तर मी "देखभाल" म्हणणार आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्या वेळी तू माझ्याकडे तशी बघू नकोस.

बेडूक


२२ जानेवारी

प्रिय बेडका,

परवा तू सगळ्यांच्या पुढे होतास, त्यामुळे तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. ते सांगायला लिहिते आहे. तुझा फोन लागत नाही. ऑफिसचा होता, म्हणजे परत घेतला असणार.

मी बोलायला उभी राहिले. कट्ट्यावर सगळे कोट घालून बसलेले, बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ. मी बिल मागितलं आणि लोक हसले, ते तू ऐकलंसच. नगराध्यक्ष म्हणाले, "बाई, लोक आमच्याकडे फुकट मागायला येतात, आणि तुम्ही बिल मागताय?" मी म्हटलं, "साहेब, भीक मागणाऱ्याला 'आज नाही, पुढे जा' म्हणता येतं. गिऱ्हाइकाला म्हणता येत नाही." हे मी घरून ठरवून गेले नव्हते, तिथेच सुचलं. तुझे मामा म्हणतात, तेव्हा मागच्या रांगेतलं हसणं थांबलं.

मग हेडमास्तर उठले. त्यांनी अगदी शाळेतल्यासारखं बोट वर करून विचारलं, फळ्यावर अठ्ठावीस आणि पाणी गार, यातलं खरं काय? आणि तुमच्या मॅडमनी हातातल्या फोनवर बघून शांतपणे सांगितलं की पाणी अठ्ठावीसच आहे, बाहेरच्या हवेमुळे तुम्हाला गार वाटतंय. मी त्यांचा चेहरा नीट बघत होते. त्या खोटं बोलत नव्हत्या. ऊब बंद करायचा हुकूम त्यांनी दिला होता, पण फोनवर अठ्ठावीस दिसल्यावर त्यांना वाटलं, आपल्या माणसांनी आधीच सुरू करून टाकली असावी. दहा पावलांवर पाणी होतं आणि त्या फोन बघत होत्या. मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना जरा समजावून सांगा."

तू उठलास. मला वाटलं, आता "देखभाल" येणार. मी डोळे मिटून घेतले, कारण तू बघू नकोस म्हणाला होतास. पाण्याचा आवाज आला म्हणून उघडले. तू बूट काढून, मोजे त्यात नीट कोंबून, सुटासकट पायऱ्या उतरत होतास. कमरेपर्यंत गेलास. तुझे ओठ पांढरे पडलेले मला लांबून दिसले. आणि तू म्हणालास, "थंड आहे. फळा बंद व्हॉल्व्हच्या मागच्या आमच्या पाइपातली ऊब दाखवतो, या पाण्यातली नाही. आणि देखभाल वगैरे काही चालू नाही. आजच्या सभेसाठी आम्ही पुरवठा बंद ठेवलाय."

तुझ्यामागे काय झालं ते आता सांगते. नगराध्यक्ष मान खाली घालून उगाच कागद चाळत होते. दोन नगरसेवक एकमेकांकडे बघून हळूच हसले. तुझे मामा उभे राहिले होते, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं, तसेच उभे होते. मी मात्र उठले नाही. तुला टॉवेल शिंपीणकाकूंनी दिला, आणि तुला वाटलं असेल की मामी अजून रागावलेली आहे. तसं नव्हतं रे. मी उठले असते तर ते घरचं प्रकरण झालं असतं. भाचा मामीसाठी बोलला, असं लोक म्हणाले असते. तू कंपनीचा माणूस म्हणून बोललास, आणि ते तसंच राहायला हवं होतं. म्हणून मी बाकाची कड हाताने घट्ट धरून बसले. ऊर भरून आला होता माझा, एवढं सांगते.

मत झालं तेव्हा तू निघून गेला होतास. परवानगी दिली, पण चारही अटी घालून. नगराध्यक्षांचं एकट्याचं मत विरुद्ध पडलं. आज त्यांचं जुनं पोस्टर निघालं आणि नवं लागलं, "हक्काची ऊब, आमचाच पाठपुरावा". बूच पाण्यावर काय तरंगेल असा हा माणूस तरंगतो!

मॅडम शेजारच्या गावात गेलेल्या नाहीत. त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय. तुमची पहिली इमारत उभी आहे, पाइप आहे, नदी आहे. इतकं सगळं उचलून कोण कुठे जातं?

तू कुठे आहेस? नोकरी गेली असेल तर तसं लिही. न लिहिणं मला सहन होत नाही.

मामी


११ फेब्रुवारी

प्रिय मामी,

उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं.

नोकरी गेली नाही. मलाही आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "माझ्या फोनवर खरंच अठ्ठावीस होतं." मी म्हटलं, हो, आमच्या सगळ्यांच्याच फोनवर होतं. त्यानंतर त्यांनी मला जे सुनावलं ते लिहीत नाही, मामा वाचतील. भागाचा प्रमुख वगैरे विसर.

पण त्यांना दुसरी इमारत हवीच आहे. तू म्हणालीस तेच खरं, इतकं सगळं उचलून कुणी जात नाही. करार लिहायचा होता आणि वकिलांना तुमच्या गावातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो माझ्याच गळ्यात पडला. तुझ्या चारही अटी मी शब्दाला शब्द घातल्या. व्हॉल्व्हच्या कलमावर तीन दिवस भांडलो. वकील म्हणाले, ग्राहकाच्या हातात व्हॉल्व्ह देणं धोक्याचं. मी म्हटलं, नेमकं म्हणूनच द्यायचा.

मामी, त्या टेबलाशी मी इतकी वर्षं उभा होतो, पण बसून भांडलो तो पहिल्यांदाच. चांगलं वाटलं.

करारावर सह्या झाल्या. आणखी दोन गावांनी तसाच करार मागितलाय. मॅडम चिडल्या, मग दरांचा हिशेब मांडला, आणि थोड्या कमी चिडल्या. शिक्षा म्हणून मला ग्राहक विभागात टाकलंय. एक टेबल, एक खिडकी, समोर भिंत. आजवर या कंपनीला उबेचे ग्राहक नव्हते, फक्त ऊब फुकट घेणारे होते, त्यामुळे या विभागात माझ्याआधी कुणी बसलेलंच नाही. दिवसभर बसून असतो. तक्रार एकही नाही.

तू टॉवेल का दिला नाहीस हे मला त्याच वेळी कळलं होतं. निदान पायऱ्या चढून वर येईपर्यंत तरी कळलं होतं.

बेडूक


५ मार्च

प्रति,
प्रमुख, ग्राहक विभाग

विषय: पाणी कोमट असल्याबाबत व बिल दुरुस्तीबाबत.

महोदय,

आमच्या तरण तलावाला आपल्या कंपनीकडून करारानुसार उष्णतेचा पुरवठा होतो. गेल्या आठवड्यात दोन दिवस पाणी अठ्ठावीसऐवजी चोवीस अंशांवर होते. हा आकडा आता आमच्या पाण्यात बुडवलेल्या मोजमापाचा आहे, शिवाय निम्नस्वाक्षरीकर्तीने दोन्ही दिवशी पहाटे स्वतः उतरून खात्री केली आहे.

व्हॉल्व्ह आमच्या खोलीत असून पूर्ण उघडा होता. तो आमच्या नळदुरुस्ती करणाऱ्यांनी तपासला आहे. ते आपले नातेवाईक लागतात असे कळते, परंतु त्याचा या कामाशी संबंध नाही.

याबाबत आपल्या कार्यालयात फोन केला असता "बघतो" असे उत्तर मिळाले. बघतो हे उत्तर नव्हे. नगराध्यक्षांनी मध्ये पडण्याची तयारी दाखवली होती. त्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हटले, कारण करार त्यांच्याशी नसून आपल्याशी आहे.

फेब्रुवारीचे बिल सोबत परत पाठवत आहे. कोमट दिवस वजा करून नवे पाठवावे. ते मिळाल्यावर पूर्ण रक्कम त्याच दिवशी भरण्यात येईल. आपण ओळखीचे आहात म्हणून सवलत मागत नाही, आणि त्याच कारणाने उशीर खपवूनही घेणार नाही.

सात दिवसांच्या आत कारण लेखी कळवावे, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय केले तेही लिहावे. आम्ही पैसे भरतो.

आपली,
व्यवस्थापक, तरण तलाव